भिंतींचे कान, कागदांची साक्ष

१९९२ सालच्या जानेवारी महिन्यात बर्लिनमध्ये एका सरकारी वाचनकक्षाचे दार सामान्य नागरिकांसाठी उघडले. आत टेबलांवर फायली मांडलेल्या होत्या आणि त्यांपुढे बसलेला प्रत्येकजण स्वतःचेच चरित्र वाचीत होता. हे चरित्र त्याने लिहिलेले नव्हते. आपण कोणत्या दिवशी किती वाजता घराबाहेर पडलो, कोणाला पत्र लिहिले, जेवणाच्या टेबलावर सरकारविषयी काय बोललो, मुलाला कोणत्या शब्दांत रागावलो, याची नोंद वर्षानुवर्षे कोणीतरी करीत होते. ते ‘कोणीतरी’ कोण, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तरही त्याच फायलीत दडलेले होते.

त्या वाचकांत व्हेरा वोलेनबर्गर नावाची एक बाई होती. पूर्व जर्मनीतील कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध तिने वर्षानुवर्षे शांततामय लढा दिला होता. १९८८ च्या जानेवारीत निदर्शनाला जात असताना तिला अटक झाली, तुरुंगवास घडला, देश सोडावा लागला. दोन्ही जर्मनींचे एकीकरण झाल्यावर ती संसदेत निवडून आली. तिच्यावरील अहवालांत ‘डोनाल्ड’ असे टोपणनाव धारण करणारा एक खबऱ्या पुन्हापुन्हा भेटत होता. घराच्या चार भिंतींआड झालेली बोलणी हा ‘डोनाल्ड’ गुप्त पोलिसांना पोहोचवीत असे. तो ‘डोनाल्ड’ म्हणजे तिचा नवरा, तिच्या दोन मुलांचा बाप होता.

अस्तनीतील निखारा हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्याचा चटका किती खोल असतो, हे अशा वेळी कळते. व्हेराने त्याच वर्षी घटस्फोट घेतला आणि लेंग्सफेल्ड हे माहेरचे नाव पुन्हा धारण केले. पुढे नवऱ्याने पत्र लिहून क्षमा मागितली आणि तिने ती केली. मात्र क्षमा करण्यापूर्वी सत्य कळलेले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याचे स्वरूपच ठाऊक नाही, अशा अपराधाची क्षमा कोण कशी करणार?

आज या घटनेला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही तिचा विचार आपण करायला हवा असे आम्हांस वाटते. कारण ज्या प्रश्नाला जर्मनीने उत्तर दिले, तो प्रश्न आपल्या देशातही आहे आणि आपण त्याला अद्याप सरळ तोंड दिलेले नाही. नागरिकावर सरकारने गुप्तपणे ठेवलेली फाईल अखेर कोणाची? ठेवणाऱ्याची, की जिच्यावर ती ठेवली गेली त्या व्यक्तीची?

आधी ते यंत्र कसे होते हे पाहू. पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा मंत्रालयाची, म्हणजेच ‘स्टासी’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या गुप्त पोलीस खात्याची स्थापना ८ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. आपण पक्षाची ढाल आणि तलवार आहोत, असे हे खाते अभिमानाने सांगत असे. देशाची नव्हे, पक्षाची! एवढ्या एका शब्दात त्याचे सारे तत्त्वज्ञान येते. १९५७ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे सलग बत्तीस वर्षे, एरिश मील्के हा एकच माणूस त्याचा मंत्री होता. अखेरच्या काळात या खात्यात सुमारे ९१,००० पूर्णवेळ नोकर आणि सुमारे १,८९,००० खबरे होते. देशाची लोकसंख्या होती अवघी १ कोटी ६० लाख. याचा अर्थ, साधारणतः दर साठ माणसांमागे एक माणूस या ना त्या नात्याने स्टासीचा. आपल्याकडील वीस बिऱ्हाडांचा एखादा वाडा किंवा तेवढीच एखादी गृहनिर्माण संस्था डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानात येईल.

पत्रे वाफेवर उघडून वाचणे, त्यांच्या प्रती काढून पुन्हा बेमालूम चिकटवणे, घरात ध्वनिग्राहक लपवणे हे तर नित्याचेच होते. संशयिताला ज्या खुर्चीवर बसवले, तिच्यावरील कापडाचा तुकडा हवाबंद बरणीत जपून ठेवीत. पुढेमागे कुत्र्याकरवी त्याचा माग काढता यावा म्हणून माणसाच्या गंधाचाही संग्रह! १९७६ च्या जानेवारीत एक अंतर्गत आदेश निघाला. त्यात विरोधकांचे ‘विघटन’ कसे करावे याची पद्धत घालून दिली होती. अटक केली तर जगात बोभाटा होतो. त्यापेक्षा माणसाची नोकरीत कोंडी करावी, त्याच्याविषयी कंड्या पिकवाव्यात, मित्रांत संशय पेरावा, संसारात विष कालवावे. माणूस आतून ढासळला की तुरुंगाची गरजच उरत नाही. गोळी न झाडता केलेली ही हत्या होती आणि तिच्या हत्यारांत सर्वांत धारदार हत्यार होते जवळच्या माणसाची जीभ.

१९८९ च्या शरद ऋतूत ही राजवट डळमळू लागली, तेव्हा स्टासीच्या अधिकाऱ्यांनी पहिले काम केले ते कागद नष्ट करण्याचे. कागद कापणारी यंत्रे कामाच्या ओझ्याने बंद पडली, तेव्हा त्यांनी हातांनी कागद फाडून पोत्यांत भरायला सुरुवात केली. पण लोक जागे होते. ४ डिसेंबर १९८९ रोजी एर्फुर्ट शहरातील नागरिकांनी तेथील स्टासीचे कार्यालय ताब्यात घेतले. त्यांच्या अग्रभागी स्त्रिया होत्या. पाठोपाठ इतर शहरांनी तेच केले आणि १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनमधील मुख्यालयात जनसमुदाय घुसला. वाचलेले कागद एकापुढे एक उभे लावले तर ती रांग सुमारे १११ किलोमीटर भरते. फाडलेल्या कागदांची १५,००० हून अधिक पोती हाती लागली. १९९५ पासून त्यांतील तुकडे हातांनी जुळवून लाखो पाने पुन्हा उभी करण्यात आली. खबऱ्याच्या सहीचा अर्धा कागद एका पोत्यात आणि उरलेला अर्धा दुसऱ्या पोत्यात. तो सांधणारे हात पिढी बदलली तरी थांबले नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तरीही कागद वाचले म्हणजे ते नागरिकांना मिळाले, असे नव्हे. एकीकरणाच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा सरकारी शहाणपण सांगत होते की, हे दप्तर कुलूपबंद करून ठेवावे. हे बाहेर आले तर शेजारी शेजाऱ्याचा गळा धरील, रक्तपात होईल, अशी भीती पूर्व जर्मनीचे अखेरचे पंतप्रधान लोथर द मेझिएर यांच्यासह अनेकांनी व्यक्त केली. तेव्हा सप्टेंबर १९९० मध्ये बेर्बेल बोले आदी कार्यकर्त्यांनी स्टासीच्याच जुन्या मुख्यालयात ठाण मांडले आणि उपोषण आरंभिले. आमच्या आयुष्याचे कागद आमच्या हाती हवेत, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली. डिसेंबर १९९१ अखेर कायदा अमलात आला आणि रोस्टॉकचे पाद्री योआखिम गाउक यांच्याकडे या दप्तराची जबाबदारी आली. हेच गाउक पुढे २०१२ ते २०१७ या काळात जर्मनीचे राष्ट्रपती होते.

हा कायदा मोठ्या विचाराने केलेला आहे. ज्याच्यावर फाईल ठेवली गेली त्याला ती पाहण्याचा हक्क आहे. तिच्यात आलेल्या तिऱ्हाईत माणसांची नावे झाकली जातात, कारण त्यांचीही अब्रू आहे. खबऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. टोपणनावामागचा खरा माणूस कोण, हे दप्तराला ठाऊक असेल तर अर्जदाराला ते विचारता येते. पीडिताचे गुपित राखायचे आणि पीडकाचे उघडायचे, असा हा नेमका तोल आहे. २०२१ सालापर्यंत तीस लाखांहून अधिक अर्ज एकट्या नागरिकांकडून आले. त्याच वर्षी १७ जून रोजी, म्हणजे १९५३ च्या जनउठावाच्या स्मृतिदिनी, हे दप्तर जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात समाविष्ट झाले. वाचण्याचा हक्क मात्र कायम राहिला.

मग ज्याची भीती घातली जात होती, त्या रक्तपाताचे काय झाले? तो झाला नाही. मैत्री तुटली, संसार मोडले, पदे गेली. पण गल्लोगल्ली सूडाच्या सुऱ्या निघाल्या नाहीत. महाराष्ट्राच्या वाचकाला या ठिकाणी पुण्यातील द्रविड बंधूंची आठवण होणे स्वाभाविक आहे. रँडच्या वधानंतर त्यांनी चापेकरांचे नाव पोलिसांना कळवले आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांना आपल्या प्राणांनी त्याची किंमत मोजावी लागली. परकीय सत्तेखाली विश्वासघाताची दाद मागायला न्यायासन नव्हते, पिस्तूल होते. स्वतंत्र राष्ट्राने नागरिकाला पिस्तुलाऐवजी कागद दिला, तर तो हात उगारीत नाही, हे जर्मनीने दाखवून दिले. सत्याने सूड पेटत नाही. सूड पेटतो तो दडपलेल्या, अर्धवट कळलेल्या, कुजबुजीतून पसरणाऱ्या संशयाने.

याचा विरुद्ध दाखला पोलंडचा आहे. तेथे जुन्या गुप्त पोलिसांची दप्तरे पहिल्या दशकात बंदच राहिली आणि राजकारणी त्यांचा उपयोग एकमेकांविरुद्ध धोंड्यासारखा करू लागले. २००५ साली लाखाहून अधिक नावांची एक यादी बाहेर फुटली. तीत खबरे कोण आणि खबऱ्यांनी ज्यांना छळले ते कोण, याचा भेदच केलेला नव्हता. साव आणि चोर एकाच ओळीत! पोलंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा नायक लेख वालेन्सा यांनाही जुन्या कागदांवरून उठलेल्या वादळाने सोडले नाही. दप्तर कायद्याने उघडले तर ते औषध ठरते. चोरवाटेने बाहेर आले तर तेच विष होते.

अर्थात, फायलीत लिहिलेले सारेच ब्रह्मवाक्य मानायचे काय? मुळीच नाही. टिमोथी गार्टन अ‍ॅश हे ब्रिटिश इतिहासकार तरुणपणी पूर्व बर्लिनमध्ये संशोधनासाठी राहिले होते. पुढे त्यांनी आपली फाईल मागवली. ती ३२५ पानांची निघाली आणि तीत त्यांचे टोपणनाव होते ‘रोमिओ’. त्यांनी ती आपल्या जुन्या रोजनिशीशी ताडून पाहिली, खबऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना जाऊन भेटले आणि १९९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. फायलीतील माणूस आणि खरा माणूस यांत किती अंतर असते, ते या खटाटोपातून दिसले. गुप्त पोलिसाला जे हवे असते तेच त्याला दिसते. साधी भेट त्याच्या लेखी कट ठरते.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. क्रिस्टा वोल्फ या पूर्व जर्मनीतील ख्यातनाम लेखिका. त्यांच्यावर नि त्यांच्या पतीवर ठेवलेल्या पाळतीच्या नोंदींचे ४२ खंड निघाले. पण त्याच दप्तरात आणखी एक पातळशी फाईल होती. १९५९ ते १९६२ या काळात त्या स्वतःच ‘मार्गारेटे’ या नावाने स्टासीला माहिती देत होत्या. आपल्याला याचे विस्मरण झाले होते, असे त्यांनी सांगितले. त्या खऱ्या बोलल्या की खोट्या, हा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. मुद्दा असा की, पीडित आणि पीडक यांच्यामधली रेघ कधीकधी एकाच माणसाच्या आयुष्यातून जाते. आपली फाईल मागणाऱ्याने आपल्याविषयीचेही सत्य ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे.

कोणी म्हणेल, हेरांवाचून राज्य चालते काय? चालत नाही, हे आम्हीही जाणतो. कौटिल्याने कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस अशा वेषांतील गूढपुरुषांची तपशीलवार योजना सांगितली आहे. त्यांची नजर केवळ शत्रूवर नव्हे, तर स्वतःच्या अमात्यांवरही ठेवायला सांगितली आहे. पण त्याच कौटिल्याने एकाच्या सांगण्यावर विसंबू नये, तीन ठिकाणांहून तीच वार्ता आली तरच ती खरी मानावी, असेही बजावले आहे. छत्रपती शिवरायांच्या बहिर्जी नाईकांचे नाव आपण आदराने घेतो, ते त्यांनी शत्रूच्या गोटातील बातमी आणली म्हणून. रयतेच्या माजघरातील बोलणी त्यांनी राजांच्या कानी घातली म्हणून नव्हे. देशाच्या वैऱ्यावरची नजर हे राज्याचे कर्तव्य आहे. सत्ताधाऱ्याला न आवडणाऱ्या नागरिकावरची नजर हा राज्याचा रोग आहे. दोहोंना ‘गुप्तवार्ता’ हे एकच नाव असल्यामुळे दुसरी नेहमी पहिलीच्या आड लपते.

आणि आपल्याकडे काय? इंग्रजांच्या पोलिसांनी लोकमान्य टिळकांच्या सभांचे, पत्रांचे, भेटीगाठींचे जे अहवाल लिहिले, ते मुंबई सरकारने १९५७-५८ पासून स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथांतून प्रसिद्ध केले. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये इंग्रजांनी हेर कसे घुसवले होते, तेही आज अभ्यासकांना ठाऊक आहे. म्हणजे परकीयांनी आपल्यावर ठेवलेल्या फायली आपण उघडल्या. स्वकीयांनी ठेवलेल्या फायलींपाशी येऊन मात्र आपला हात थबकतो.

त्यांतील एक फाईल योगायोगाने उघडली. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदांवरून उजेडात आले की, नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कुटुंबावर स्वतंत्र भारताच्या गुप्तवार्ता विभागाने १९४८ ते १९६८ अशी तब्बल वीस वर्षे पाळत ठेवली होती. शिशिरकुमार आणि अमियनाथ हे नेताजींचे पुतणे. कोलकात्यातील वुडबर्न पार्क आणि एल्गिन रोड येथील घरांची पत्रे मधल्यामध्ये उघडली जात आणि त्यांच्या नकला होत. ज्या कुटुंबाने देशाला सर्वस्व दिले, त्याच्या टपालावर देशाचेच सरकार पहारा देत होते! अमियनाथांचे पुत्र सूर्यकुमार बोस यांनी त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची भेट घेऊन सर्व फायली खुल्या करण्याची मागणी केली. ती भेट झाली बर्लिनमध्ये. नियतीची योजकता म्हणतात ती हीच! पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ६४ फायली आणि २३ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने १०० फायली खुल्या केल्या. हे योग्यच झाले. पण नेताजींचे नाव मोठे म्हणून दार उघडले. ज्याचे नाव मोठे नाही, त्याने कोणते दार ठोठवावे?

येथे आणीबाणीचा विषय अपरिहार्यपणे येतो. २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७ पर्यंतच्या त्या कालखंडात ‘मिसा’खाली ३४,९८८ जणांना स्थानबद्ध केले गेले आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली, हे शाह आयोगाचे आकडे आहेत. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. त्याआधीच सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना अटक करून येरवड्याच्या कारागृहात ठेवले होते. या लक्षावधी माणसांपैकी प्रत्येकाच्या नावाने कुठेतरी कागद झाला असणारच. हा अमुक घरी गेला, त्याने तमुक पत्रक वाटले, याच्यापासून राज्याला धोका आहे, असे कोणीतरी लिहिले आणि त्या ओळीवर कोणीतरी सही केली. स्थानबद्धतेची कारणे अनेकदा कशी मागाहून रचण्यात आली, ते आयोगाने नोंदवून ठेवले आहे. त्या अहवालाचेही नशीब पाहा. १९८० च्या सत्तांतरानंतर तो दिसेनासा झाला आणि संसदेचे माजी सदस्य इरा सेळियन यांनी २०१० साली आपल्याजवळच्या प्रतीवरून तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा लोकांपुढे आला. जर्मनीत फाडलेले कागद सरकार सांधीत होते. आपल्याकडे छापलेला ग्रंथ एका वृद्ध माणसाला जपावा लागला!

आणीबाणीतील बंदीवानांचा गौरव पुढे झाला. महाराष्ट्रात २०१८ साली त्यांच्यासाठी मानधनाची योजना आली. सरकार बदलले तेव्हा २०२० मध्ये ती थांबली. पुन्हा सरकार बदलले तेव्हा २०२२ मध्ये ती परत सुरू झाली. २०२४ साली केंद्राने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून घोषित केला. या सर्वांचे आम्ही स्वागतच करतो. पण यातून एक धडा घ्यायला हवा. सरकारने दिलेला सन्मान सरकारबरोबर येतो आणि सरकारबरोबर जातो. कायद्याने दिलेला हक्क टिकतो. बंदीवानाला मानधन मिळाले, मानपत्र मिळाले, शाल-श्रीफळ मिळाले. मिळाली नाही ती त्याची फाईल. आपल्याला कोणाच्या सांगण्यावरून उचलले, हे न कळताच त्या पिढीतील अनेकांनी जगाचा निरोप घेतला आहे. जे उरले आहेत, त्यांचीही वये आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेलेली आहेत.

आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. परंतु त्याच्या चोविसाव्या कलमान्वये गुप्तवार्ता विभाग आणि तत्सम संस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत. भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे उल्लंघन यासंबंधीची माहिती तेवढी अपवाद. १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पाया तयार आहे. त्यावर भिंत उभी राहिलेली नाही. गेलेल्या काळातील ‘माझी फाईल मला दाखवा’ असे नागरिकाने अधिकाराने म्हणावे, असा जर्मनीसारखा कायदा आपल्याकडे नाही.

असा कायदा करता येणार नाही काय? आज कामावर असलेल्या हेरांची नावे उघड करा, असे कोणी म्हणत नाही. सीमेपलीकडच्या शत्रूसंबंधीची दप्तरे बंदच राहिली पाहिजेत. पण तीस वर्षांहून जुन्या, निव्वळ राजकीय मतासाठी नागरिकांवर ठेवलेल्या फायली त्या व्यक्तीला अथवा तिच्या वारसांना पाहू द्याव्यात. त्यांतील तिऱ्हाईतांची नावे झाकावीत. आणि पुढच्या पाळतीवर संसदेची देखरेख असावी. एवढ्याने राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येत असेल, तर ती सुरक्षा राष्ट्राची नव्हे, कोणाच्या तरी अब्रूची आहे.

आणि ही मागणी केवळ कालच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध करून भागणार नाही. सत्तेवर कोणीही असो, अगदी आपल्या मनातली माणसे असोत, पाळतीचे हत्यार त्याच खणात ठेवलेले असते आणि खणाची किल्ली दर निवडणुकीला हात बदलू शकते. आपल्यावर अन्याय झाला तेव्हा जी गोष्ट वाईट होती, ती दुसऱ्यावर झाली म्हणून चांगली ठरत नाही. आणीबाणीचा जाच ज्यांनी सोसला, त्यांच्या तोंडून हे वाक्य जितक्या वजनाने निघेल तितके दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्या काळातल्या फायली उघडल्या तर त्यांत केवळ आपल्या धैर्याच्याच कथा असतील, असे मानू नये. भूमिगत कार्यकर्त्याचा पत्ता पोलिसांना कोणी दिला? कोणी कच खाल्ली? धीर सुटून कोणी काय लिहून दिले? त्यांत परके असतील, तसेच आपलेही असतील. शेजारी असतील, कदाचित सोयरेही असतील. ते वाचण्याचे बळ आपल्यात हवे. व्हेराने नवऱ्याचे नाव वाचले आणि त्यानंतरही ती उभी राहिली. सत्य फक्त दुसऱ्याविषयी हवे आणि आपल्याविषयी नको, अशी सवलत इतिहास कोणाला देत नाही.

पण त्याच फायलींत दुसरेही काही सापडेल, असा आमचा विश्वास आहे. पूर्व जर्मनीच्या दप्तरांत अशाही नोंदी आहेत की, अमक्याला खबरी देण्यास सांगितले आणि त्याने नकार दिला. कोणी खात्याला सांगितले की, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणी दुसऱ्याच दिवशी मित्रांना सारे सांगून टाकले. अशा बोलभांड माणसाचा गुप्त पोलिसांना उपयोगच उरत नसे आणि त्याचा नाद सोडून फाईल मिटली जाई. किती साधा उपाय! आपल्याकडेही आणीबाणीत भूमिगत कार्यकर्ते रोज नव्या घरी मुक्कामाला जात. पाहुण्याचे खरे नाव काय, हे न विचारता ताट वाढणाऱ्या माउल्या होत्या आणि चौकशीला आलेल्या पोलिसाला दारातूनच ‘आम्हाला काही ठाऊक नाही’ असे सांगणारे आजोबा होते. १,८९,००० खबऱ्यांवर उभे राहिलेले राज्य चाळीस वर्षांत कोसळले. ज्या समाजात खबऱ्या मिळत नाही, तेथे असले राज्य उभेच राहू शकत नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात. पण भिंतींना स्वतःचे कान नसतात. ते कोणीतरी माणूस त्यांना उसने देतो. ते कान द्यायचे की नाही, हे ज्याच्या-त्याच्या हाती आहे; आणि ज्यांनी ते दिले त्यांचा हिशेब कागदावर उमटलेला आहे. तो कागद ज्याचा त्याला परत मिळावा, एवढे मागण्याचा अधिकार स्वतंत्र देशाच्या नागरिकाला असलाच पाहिजे. येरवड्याच्या त्या पिढीतील अखेरचा माणूस आपल्यातून जाण्यापूर्वी त्याची फाईल त्याच्या हाती पडावी. तिच्यात काय लिहिले आहे, ते त्याचे तो वाचील.